हमी आणि अनुग्रह

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर केला, तेव्हा आठवडाभर चर्चा झाली ती नावाची. आधीच्या कायद्याला २००९ मध्ये महात्मा गांधींचे नाव जोडले गेले होते. ते गेले, आणि नव्या कायद्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून 'जी राम जी' असा उच्चार सिद्ध झाला. ज्या माणसाने आयुष्यभर रामनाम घेतले, त्याच्याच समोर रामाला उभे करण्याची ही करामत पाहून हसावे की रडावे ते कळेना. पण नावाच्या या धुरळ्यात एक गोष्ट बाजूला राहिली. जुन्या नि नव्या, दोन्ही नावांत एक शब्द कायम आहे, तो म्हणजे हमी. ही हमी देणारा कोण, आणि ती पाळली गेली नाही तर भरपाई कुणी करायची, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कुणी पडले नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. रात्री कादंबऱ्या लिहिल्या आणि दिवसा हमीपत्रे. बँकेच्या भाषेत हमी हा फार जड शब्द आहे. एखाद्या ठेकेदाराला सरकारी काम मिळाले की संबंधित खाते बँकेची हमी मागते. ठेकेदाराने काम अर्धवट सोडले तर खाते बँकेला एक पत्र लिहिते आणि बँकेने किंतु-परंतु न करता रक्कम मोजायची असते. 'यंदा जमणार नाही', 'वरून मंजुरी आलेली नाही' ही उत्तरे तिथे चालत नाहीत. म्हणूनच हमीपत्रावर सही करताना भल्याभल्या अधिकाऱ्यांचा हात थबकतो. आमच्या व्यवहारात दुसराही एक शब्द होता : सानुग्रह. दिवाळीला मिळणारी सानुग्रह रक्कम गोड लागते, पण पुढच्या वर्षी ती मिळाली नाही तर दाद मागायची सोय नसते. शब्दातच अनुग्रह आहे. म्हणजे देणाऱ्याची कृपा.

सरकार नागरिकाच्या आरोग्याला, कामाला आणि म्हातारपणाला जो आधार देते तो याच दोन प्रकारांनी. कुठली योजना चांगली आणि कुठली वाईट, यावर आपण घरोघरी वाद घालतो. कुठली योजना हमी आहे आणि कुठली अनुग्रह, हे मात्र सहसा पाहत नाही. मला वाटते, आज तेच पाहण्याची वेळ आली आहे. कारण अनुग्रहाची रक्कम वाढते आहे आणि हमी मात्र पातळ होत चालली आहे.

हा प्रश्न नवा नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण व अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याचा अधिकार लिहिलेला आहे. पण त्याला 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी जोड आहे आणि हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. मग त्याचा उपयोग काय, अशी टीका तेव्हाही झाली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा की, ही तत्त्वे मोडणाऱ्या सत्ताधाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे द्यावा लागेल. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळलेल्या माणसाचे हे उत्तर होते. कामगाराच्या आजारपणाच्या विम्याची पूर्वतयारी त्याच काळात झाली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला.

आपल्या शहरातील वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा विमा ओळखीचा आहे. पगारातून हप्ता कापला जातो, मालकही भरतो, आणि कामगार आजारी पडला तर अटी पूर्ण केल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते. ते त्याला कुणाच्या कृपेने मिळत नाही. ती हमी आहे. मात्र महिन्याला २१ हजार रुपये ही २०१७ मध्ये ठरलेली पगाराची मर्यादा ओलांडली की माणूस त्यातून बाहेर पडतो आणि ज्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, तो तर कधी आत आलेलाच नसतो.

ज्याला मालक नाही आणि पगारपत्रकही नाही, अशा शेतमजुराला हमी कशी द्यायची? या प्रश्नाला देशात सर्वांत आधी कायद्याचे उत्तर दिले ते महाराष्ट्राने. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. त्याच वर्षी दुष्काळाने मराठवाड्याचे कंबरडे मोडले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. वर्गातील निम्मी मुले आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली असत. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. आज गावोगाव दिसणारे कित्येक पाझर तलाव, बांध आणि रस्ते त्यांच्या हातचे आहेत.

पण ती कामे म्हणजे मदत होती. दुष्काळ सरला की ती बंद होणार. पागे यांना हवी होती ती हमी. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागायचे, अर्जाची पोहोच घ्यायची, १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागायचा. भत्ता तुटपुंजा होता हे खरे. तरीही त्याने एक गोष्ट बदलली : मजुराच्या अर्जाला उत्तर देणे ही सरकारची देणेदारी झाली. वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार असे मुख्यमंत्री बदलत गेले, पण दिलेला शब्द मागे घेण्याचे धाडस कुणी केले नाही.

या हमीसाठी पैसा कुठून आला, हेही घरोघरच्या नोकरदारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तुमच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' नावाची एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. दर फेब्रुवारीत हे जादा १०० रुपये कशाचे, असा प्रश्न कुणीतरी विचारतोच. राज्याला हा कर माणशी वर्षाला २,५०० च्या पुढे नेता येत नाही. घटनेतील ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे आणि हा हिशेब त्या आकड्याला बसवलेला आहे. २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातील कारकुनाने, शिक्षकाने, बँकेतल्या माणसाने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलायचा, अशी ती व्यवस्था होती. शहरी माणसाने तो कर कुरकुरत का होईना, भरला. हमी द्यायची तर तिच्यामागे ऐवज लागतो, हे त्या पिढीच्या राज्यकर्त्यांना कळत होते.

पुढे २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात तेव्हाचा औरंगाबाद जिल्हाही होता, आणि एप्रिल २००८ पासून तो देशभर गेला. कुटुंबाला वर्षात १०० दिवस काम. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा. महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा रद्द केला नाही. त्यात दुरुस्ती केली आणि १०० दिवसांच्या पुढची जबाबदारी आपल्याकडे ठेवली.

हमी नसते तिथे काय होते, हे पाहायला मराठवाड्याबाहेर जाण्याची गरज नाही. दसऱ्यानंतर बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर निघतात. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे हमीच्या नेमकी उलट : इथे कामाला बांधलेला असतो तो मजूर, काम देणारा नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी पोटावर शस्त्रक्रिया करून यायची. काम, आरोग्य आणि कल्याण ही सरकारात तीन निरनिराळी खाती असतील. त्या बाईच्या आयुष्यात ती एकच गोष्ट आहे. गावात काम मिळण्याची खात्री असती, तर त्यांतल्या किती जणी उचल घ्यायला गेल्या असत्या?

आता अनुग्रहाकडे वळू. ग्रामीण शाखांत काम करताना निराधारांचे पैसे जमा होण्याचे दिवस मी पुष्कळ पाहिले. सकाळी आठपासून बायका पायरीवर बसलेल्या. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. प्रश्न एकच : "साहेब, पैसे आलेत का?" आणि आमच्याजवळ उत्तरे दोनच, आले किंवा नाही आले. का नाही आले, कुणाला विचारायचे, पुढल्या महिन्यात येतील का, यांपैकी काहीही बँकेला ठाऊक नसे. ती बाई तहसीलकडे जाई, तहसीलमधून पुन्हा बँकेकडे. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्यामुळे मधल्या मधे खाणारे कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण 'का नाही आले' याचे उत्तर देणारा माणूसही त्याबरोबर नाहीसा झाला. ठसा जुळत नाही असे यंत्र सांगते, आणि यंत्राशी वाद घालता येत नाही.

रकमेचेही पाहा. वृद्धांच्या राष्ट्रीय पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. २००७ मध्ये या योजनेला इंदिरा गांधींचे नाव दिले गेले, तेव्हाही तो २०० रुपयेच होता. राज्याने आपल्या बाजूने भर घालत एकूण रक्कम ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये केली, हे चांगले झाले. पण प्रत्येक वाढीसाठी कुणाला तरी दया यावी लागली. मला मिळणाऱ्या बँकेच्या पेन्शनवर महागाई भत्ता आहे. फेब्रुवारी आणि ऑगस्ट, वर्षातून दोनदा निर्देशांक पाहून तो ठरतो; त्यासाठी मला कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. डाळीचा भाव माझ्यासाठी आणि त्या पायरीवरच्या बाईसाठी एकच असतो. मग निर्देशांक मलाच का?

जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजना आली. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील महिलांना महिन्याला १,५०० रुपये. शहरी मध्यमवर्गात या योजनेची यथेच्छ टिंगल होते. मी तिच्यात सामील होत नाही. आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावावर आलेल्या पैशाने औषध आणणारी, मुलीची फी भरणारी बाई मी पाहिली आहे. पण ही योजना शासन निर्णयाने आली. शासन निर्णयाने ती बदलू शकते. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपूर्वी अर्ज भराभर मंजूर झाले आणि निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली, नावे वगळली गेली, ई-केवायसी आली. बाबासाहेबांनी मतदारांपुढच्या जबाबाची गोष्ट केली होती. आपण तिचा अर्थ निवडणुकीआधीचा हप्ता असा करून घेतला. मतदाराने पाच वर्षांचा हिशेब मागावा असे त्यांना अभिप्रेत होते. हप्ता घेतलेला मतदार हिशेब मागताना संकोचतो.

आरोग्याचेही तसेच. आपल्या शहरात १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. सारा मराठवाडा त्याला 'घाटी' म्हणूनच ओळखतो. दवाखान्यांनी थांबा म्हटले की गावाकडचा माणूस म्हणतो, चला घाटीला. तिथून कुणाला परत पाठवत नाहीत, हा विश्वास हीसुद्धा एक हमीच आहे, कागदावर नसलेली. २०१२ मध्ये राज्याच्या आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली. पुढे ती सर्व राज्यात गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय तिच्यात झाली. हृदयाची शस्त्रक्रिया जमीन न विकता होऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे. पण ही योजना ठरलेल्या आजारांची, ठरलेल्या रुग्णालयांतली आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, खेड्यातल्या उपकेंद्रातली परिचारिका, रात्रीचा डॉक्टर हे तिच्यात बसत नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजूर संघटनेने नेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या रुग्णाला २५ हजार रुपये भरपाईही देवविली. २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. रोजगाराची हमी देणारे पहिले राज्य असलेल्या महाराष्ट्राला या बाबतीत अजून तसे सुचलेले नाही.

हमीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. रोजगार हमीच्या कामांवर बोगस हजेरीपट झाले, मेलेली माणसे मजुरी घेऊन गेली, एकच बांध तीनदा बांधला गेला. बेकारी भत्ता प्रत्यक्षात फार क्वचित मिळाला. शेतकरी म्हणतात, पेरणी-काढणीला मजूर मिळत नाही. आणि तिजोरी काही अक्षयपात्र नव्हे. हे सगळे आक्षेप खरे आहेत. पण बँकेत बनावट चेक येतात म्हणून कुणी चेक बंद करत नाही. सही तपासायची पद्धत सुधारतो. शेतकऱ्याच्या अडचणीला तोड आहे, पण कोरडवाहू मराठवाड्यात मजूर आणि अल्पभूधारक हा बहुधा एकच माणूस असतो, हेही विसरता येत नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना आली, तेव्हा स्वतःच्या बांधावर राबून मजुरी मिळालेले शेतकरीच होते.

आता नव्या कायद्याकडे बँकेच्या चष्म्यातून पाहू. दिवस १०० चे १२५ झाले. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मजुरीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने १०० दिवसांचे ३१,२०० आणि १२५ दिवसांचे ३९,००० होतात. कागदावर ही वाढ आहे. पण खर्च आता केंद्र आणि राज्याने ६०:४० असा वाटून घ्यायचा. प्रत्येक राज्याला केंद्र दरवर्षी एक रक्कम ठरवून देणार आणि त्यापुढचा खर्च राज्याचा. शेतीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामे बंद ठेवायची, ते दिवस राज्याने आधी जाहीर करायचे. १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता आहे, पण तो राज्यानेच द्यायचा.

हमीचे दिवस वाढले आणि हमीदाराने आपली मर्यादा ठरवून घेतली, असा याचा अर्थ मी लावतो. आधीच्या कायद्यात, निदान तत्त्वतः, मागणी वाढली की पैसा वाढायचा. आता रक्कम आधी ठरणार आणि मागणी तिच्यात बसवायची. चांगल्या पावसाच्या वर्षी याने काही बिघडणार नाही. प्रश्न वाईट वर्षाचा आहे. पेरणीचे दिवस आधी जाहीर करता येतात. पाऊस जाहीर करून येत नाही. १९७३ च्या मे महिन्यात ५० लाख माणसे कामावर येतील, हे आदल्या वर्षीच्या कुठल्या अंदाजपत्रकात लिहिलेले होते?

अशा वर्षी देणे महाराष्ट्राच्या अंगावर येणार आहे, आणि तेव्हा राज्यापुढे दोन वाटा असतील. एक, ठरलेली रक्कम संपली म्हणून अर्जच घ्यायचे नाहीत. गावात मागणी नाही असा अहवाल पाठवायचा. दुसरी, १९७५ मध्ये दाखवली तशी हिंमत दाखवून स्वतःचा ऐवज बाजूला काढायचा आणि १९७७ च्या शब्दाला जागायचे. कोणती वाट धरली जाईल, ते मुंबईतल्या घोषणांवरून कळणार नाही. ग्रामपंचायतीच्या टेबलावर कळेल.

म्हणून गावाकडे नातेवाईक असलेल्या वाचकांना एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. कामाची मागणी तोंडी करू नये, करू देऊ नये. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची तारखेसह पोहोच घ्यावी. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. भत्ता मागायचा तो त्या कागदावर. पोहोच द्यायला टाळाटाळ होते ती उगाच नव्हे. एकदा ती दिली की सरकार देणेकरी ठरते आणि मजूर धनको, हे टेबलापलीकडच्या माणसाला पक्के ठाऊक असते. अर्ज लिहायला जमत नसेल तर सुटीत गावी गेलेल्या शिकलेल्या मुलांनी बसून चार अर्ज लिहून द्यावेत. एवढ्याला कुणाच्या अनुग्रहाची गरज नाही.